काम थांबलं तर ते कुणाचं?

१९८५च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क शहराजवळच्या चॅपाक्वा गावात एकवीस वर्षांचा एक मुलगा आपल्या धाकट्या भावाकडून त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करून घेत होता. पळ. थांब. वळ. उडी मार. कडेला लोंबकळ आणि स्वतःला वर ओढून घे. अंगात पांढरे कपडे घातलेला भाऊ, पार्किंगची मोकळी जागा आणि एक व्हीएचएस कॅमेरा, एवढंच भांडवल. नंतर ती टेप टीव्हीवर लावायची, एकेका चौकटीवर थांबवायची, पडद्याचा साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, फोटो धुऊन आणायचे, काळ्या मार्करनं आणि खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईनं आकृतीची कड पक्की करायची आणि ती आकृती ॲपल टू संगणकात भरायची. एका उडीसाठी एवढा खटाटोप. जॉर्डन मेकनर त्या मुलाचं नाव. चार वर्षांनी, १९८९च्या ऑक्टोबरात, त्याचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बाजारात आला.

नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणकाचा क्लास लावला होता त्यांना हा राजपुत्र सांगायला नको. पांढरा अंगरखा, तळघर, खाली पडणाऱ्या फरश्या, दातेरी पाती आणि साठ मिनिटांचं घड्याळ. सर जरा बाहेर गेले की फ्लॉपी आत. ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून गेम सुरू केला की शिफ्ट आणि एल दाबून पुढची पातळी गाठता येते, ही विद्या कुणी कुणाला शिकवली देव जाणे, पण ती प्रत्येक क्लासात पोचलेली होती. पहिल्या पातळीनंतर एक खोली यायची. तिथे कुप्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरचा अमुक शब्द बघा आणि त्याच्या आद्याक्षराची कुपी प्या, असा हुकूम. पुस्तिका आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती, कारण आमची फ्लॉपी दुसऱ्या फ्लॉपीवरून उतरवलेली होती आणि ती तिसरीवरून. गेम विकत घेतल्याचा पुरावा मागणारं ते कुलूप होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी या धंद्यात शिरल्यावर कळलं. आमच्या त्या खेळण्यातून मेकनरला काही मिळालं नाही आणि त्याच्या पब्लिशरलाही नाही.

पब्लिशरचं नाव ब्रॉडरबंड. डग आणि गॅरी कार्लस्टन या भावांनी १९८० साली काढलेली आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या सॅन रफाएलला स्थिरावलेली कंपनी. तिच्याशी मेकनरचं जे नातं होतं त्याबद्दल मला लिहायचंय. गेम कंपनीत नोकरी करून, गेम बनवणारी माणसं आणि गेम बाजारात नेणारी माणसं यांच्यामधली भांडणं जवळून पाहून, माझं लक्ष शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतं. पैसे किती, टक्केवारी किती, हे नंतर बघू. काम मध्येच थांबलं तर ते कुणाचं?

मेकनर ब्रॉडरबंडचा नोकर नव्हता. येलमध्ये शिकत असताना त्यानं ‘कराटेका’ नावाचा गेम लिहून त्यांच्याकडे पाठवला होता. तो १९८४ मध्ये निघाला आणि चालला. त्यामुळे पुढच्या गेमसाठी त्याला ब्रॉडरबंडच्या ऑफिसात बसायला जागा मिळाली, आजूबाजूला सल्ला देणारी माणसं मिळाली, पण पगार नाही. विक्रीवर रॉयल्टी. पुस्तकाच्या लेखकासारखी ही व्यवस्था होती आणि त्या काळी कंपन्या अशा माणसांना ‘ऑथर’च म्हणत. लेखक असल्यामुळे कथा, पात्र, कोड या सगळ्यावर त्याचा हक्क राहिला.

ही साधी वाटणारी गोष्ट सहज मिळालेली नव्हती. त्याआधी दहाएक वर्षांत अटारी या तेव्हाच्या बड्या गेम कंपनीमध्ये काय घडलं ते आठवायला हवं. वॉर्नरनं विकत घेतल्यानंतरच्या अटारीत एकेक प्रोग्रामर एकट्यानं अख्खा गेम लिहीत असे. विचार त्याचा, चित्रं त्याची, आवाजही त्याचेच. डब्यावर मात्र त्याचं नाव येत नसे. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन या चौघांनी कोणत्या गेमची विक्री किती झाली याचा कागद पाहिला आणि आपण कंपनीला काय मिळवून देतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ते मुख्याधिकारी रे कॅसार यांच्याकडे नाव आणि वाटा मागायला गेले. कॅसार कापडधंद्यातून आलेले. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितलंय की उत्तर असं मिळालं: कारखान्यात गेमचे डबे जोडणारा माणूस जेवढा महत्त्वाचा, तेवढेच तुम्ही. चौघं बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्याबरोबर १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. गेमच्या यंत्राशी संबंध नसलेली, फक्त गेम बनवून विकणारी ती पहिली स्वतंत्र कंपनी. तिनं गेमच्या पुस्तिकेत करणाऱ्याचं नाव आणि फोटो छापायला सुरुवात केली. अटारीतल्याच वॉरन रॉबिनेटनं दुसरा मार्ग काढला. त्यानं ‘ॲडव्हेंचर’मध्ये एक चोरखोली बांधली आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं. गेम विकला गेल्यावर कंपनीला ते एका मुलाच्या पत्रातून कळलं. नाव लिहायला माणसाला भिंतीत खोली खणावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. खेळणाऱ्यांना ती गंमत वाटते, मला वाटत नाही.

तेव्हा मेकनर ब्रॉडरबंडच्या दारात गेला तोवर दुसऱ्यांच्या भांडणांनी वाट थोडी रुंद झाली होती.

आता पब्लिशरच्या बाजूनं बोलायला हवं, कारण आमच्या धंद्यातल्या गप्पांमध्ये पब्लिशर कायम खलनायक असतो आणि ते खरं नाही. ‘प्रिन्स’ निघाला तेव्हा ॲपल टू हा मरणपंथाला लागलेला संगणक होता. चार वर्षं खपून केलेला गेम पहिल्या वर्षात जेमतेम काही हजार विकला गेला. मेकनरची त्या काळातली डायरी आता छापून आली आहे आणि त्यात ही घालमेल पानोपानी दिसते: जाहिरातवाल्यांना गेम कळतोय का, दुकानात तो दिसतोय का, की सगळं पाण्यात गेलं? एकट्या माणसाच्या हातात असतं तर तिथेच संपलं असतं. पण ब्रॉडरबंडनं तो डॉसवर, म्हणजे पीसीवर, आणला, जपान आणि युरोपातल्या कंपन्यांना परवाने दिले आणि तिकडे तो उचलला गेला. मग १९९२ साली मॅकिंटॉशवरची आवृत्ती आणि नवा देखणा खोका एकत्र आले, तेव्हा कुठे अमेरिकेतल्या दुकानांत त्याचं नशीब फळफळलं. इतक्या यंत्रांवर गेम नव्यानं लिहून घेणं, कारखान्यात डिस्का भरणं, दुकानदाराकडून शेल्फवरची जागा मिळवणं, परत आलेला माल पोटात घालणं, हे सगळं करणारं कुणीतरी लागतं. आणि दहा गेमांत पैसे घातल्यावर सात बुडतात हे माहीत असूनही अकराव्यात घालणारं कुणीतरी लागतं.

पुढे ब्रॉडरबंडच बुडीत निघाल्यासारखी हातोहात फिरली. १९९८ मध्ये तिला लर्निंग कंपनीनं गिळलं, १९९९ मध्ये लर्निंग कंपनीला मॅटेलनं. बार्बीवाली मॅटेल. त्याच सुमारास निघालेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ घाईत बाहेर काढलेला आणि चुकांनी भरलेला होता. अखेर तो जुना गेमसाठा फ्रान्सच्या युबिसॉफ्टकडे आला. या सगळ्या खरेदीविक्रीत राजपुत्र मात्र मेकनरचाच राहिला. म्हणून युबिसॉफ्टला त्याच्याकडे जावं लागलं. त्यांच्या माँट्रियल स्टुडिओनं त्याला नमुना दाखवला, तो पटला, तो स्वतः कथा लिहायला त्यांच्यात सामील झाला आणि २००३च्या नोव्हेंबरात ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. चूक झाली की खंजिराच्या जोरावर वेळ मागे फिरवायची, भिंतीवरून आडवं धावायचं. तो गेम खेळताना मला पहिल्यांदा वाटलं की पडद्यावरच्या माणसाला वजन आहे.

‘सँड्स ऑफ टाइम’चा सर्जक दिग्दर्शक होता पॅट्रिस देझिले. यशानंतर त्याला राजपुत्राचा पुढचा भाग करायला सांगितलं गेलं. त्यानं विचार सुरू केला तो राजपुत्राच्या अंगरक्षकाचा, एका मारेकऱ्याचा. राजपुत्र नायक नसेल तर त्याला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कसं म्हणायचं? म्हणून तो गेम वेगळा झाला आणि २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ या नावानं आला. युबिसॉफ्टचं पोट गेली कित्येक वर्षं बऱ्याच अंशी त्या एका नावावर भरतंय. पण देझिले नोकरीत होता. पगारात केलेली कल्पना मालकाची, हे जगभर चालतं. २०१० मध्ये तो बाहेर पडला तेव्हा असॅसिन मागे राहिला.

त्याची पुढची गोष्ट मी ओळखीच्या प्रत्येक तरुण डेव्हलपरला, म्हणजे गेम बनवणाऱ्याला, सांगते. देझिले टीएचक्यू नावाच्या पब्लिशरकडे गेला. त्यांच्या माँट्रियलमधल्या नव्या स्टुडिओत त्यानं ‘१६६६: ॲमस्टरडॅम’ नावाचा गेम हाती घेतला. २०१२च्या डिसेंबरात टीएचक्यूनं दिवाळखोरी जाहीर केली. जानेवारीत तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला आणि त्यात पंचवीस लाख डॉलरना तो स्टुडिओ कुणी घेतला? युबिसॉफ्टनं. जिथून उठून आला त्याच दारात माणूस परत जाऊन पडला, तोही स्वतःच्या नव्या गेमसकट. मे महिन्यात त्याला काढून टाकण्यात आलं. त्यानं जाहीर निवेदन दिलं की दोन सुरक्षारक्षकांनी मला इमारतीबाहेर नेलं, माझ्या माणसांचा निरोप घेऊ दिला नाही, सामान गोळा करू दिलं नाही. कंपनीचं म्हणणं होतं की बोलणी केली, पण एकमत झालं नाही. गेमचं काम थांबवलं गेलं. देझिले कोर्टात गेला आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन ‘१६६६’चे हक्क त्याला परत मिळाले. तीन वर्षं तो गेम कुणीच बनवत नव्हतं आणि कुणाला बनवताही येत नव्हता.

मेकनरचा पब्लिशर तीनदा विकला गेला आणि त्याचं काही अडलं नाही. देझिलेचा पब्लिशर एकदा बुडाला आणि त्याची उमेदीची वर्षं वकिलांच्या ऑफिसात गेली. दोघांच्या हुशारीत मला फरक दिसत नाही, फरक कागदात आहे.

या कागदात काय असतं ते थोडं उलगडून सांगते. पब्लिशर गेमसाठी जे पैसे देतो ते बहुधा बक्षीस नसतं, ती उचल असते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि पुढे तोडलेल्या टनामागच्या मजुरीतून ती वळती करून घेतो, तसाच हिशेब. त्या कष्टांशी एसी ऑफिसातल्या कामाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही, पण आकडेमोड तीच आहे. समजा उचल एक कोटी. गेम विकला की शंभरातले तीस दुकान घेतं, म्हणजे स्टीमसारखी ऑनलाइन बाजारपेठ. उरले सत्तर. त्यात डेव्हलपरचा वाटा तीस टक्के ठरलाय, म्हणजे एकवीस रुपये. आता उचल कशातून वळती करायची? अख्ख्या सत्तरातून, असं कागदात असेल तर साधारण एक कोटी त्रेचाळीस लाखांची विक्री झाली की उचल फिटली आणि वाटणी सुरू. पण ‘डेव्हलपरच्या वाट्यातून’ असे दोनच शब्द असले, तर तीच उचल फिटायला पावणेपाच कोटींच्या वर विक्री व्हावी लागते. तोपर्यंत पब्लिशरच्या हातात तीन कोटी तेहतीस लाख येऊन गेलेले असतात आणि डेव्हलपरला उचलीपलीकडे एक रुपयाही दिसलेला नसतो. जाहिरातीचा खर्च उचलीत धरला असेल तर मग विचारूच नका. मी पाहिलेल्या तरुण मुलांपैकी बहुतेक जण तीस टक्के की पस्तीस यावर रात्ररात्र वाद घालतात आणि हे दोन शब्द वाचून पुढे जातात.

आणि उचल एकदम मिळत नाही. ती टप्प्याटप्प्यानं येते. टप्प्याला मायलस्टोन म्हणतात. ठरल्या तारखेला गेमचा तोवरचा बिल्ड, म्हणजे चालवून बघता येईल अशी आवृत्ती, पाठवायचा, पब्लिशरच्या माणसानं तो तपासायचा, मान्य केला की हप्ता. मी ज्या लहान स्टुडिओत काम करत होते तिथे असाच एक परदेशी पब्लिशर होता. चौथा की पाचवा टप्पा पाठवला आणि पलीकडून काही येईना. नापसंतीही नाही, पसंतीही नाही. तपासणीला तीस दिवस, असं करारात होतं, पण तीस दिवसांत उत्तर न आल्यास काय, हे नव्हतं. आमचा पाठपुरावा करणारा त्यांचा माणूस नोकरी सोडून गेलाय हे आम्हाला लिंक्डइनवर कळलं. नव्या बाईंना आमचा गेम आपल्या यादीत नकोच होता, पण करार मोडला तर त्यांना शेवटचे हप्ते द्यावे लागले असते, म्हणून त्यांनी तो मोडलाही नाही. दर सोमवारी आमचा एक प्रोग्रामर बिल्ड पुन्हा चालवून बघायचा. चालतोय ना, याची खात्री करायला. पगार आधी अर्धा झाला, मग थांबला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा पात्रं, नकाशे, संगीत, सगळ्याचे हक्क त्या पब्लिशरकडे होते. आजही असतील. तो गेम त्यांनी काढला नाही आणि कुणाला देणारही नाहीत.

पैशांना कधीकधी वेगळीच अट लावलेली असते. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ २०१० साली ऑब्सिडियन या स्टुडिओनं बेथेस्डा या पब्लिशरसाठी दीड वर्षात केला. ऑब्सिडियनच्या संस्थापकांपैकी ख्रिस ॲव्हेलोन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की करारात रॉयल्टी नव्हती. ठरावीक रक्कम, आणि समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस. मिळाले ८४. एका गुणानं बोनस गेला. गेममध्ये पुष्कळ चुका होत्या हे खरं, मीही वैतागले होते. पण दीड वर्षं तारीख बोकांडी घेऊन राबलेल्या लोकांचं फळ तिसऱ्याच लोकांच्या सरासरीवर ठरावं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. त्यातले अनेक समीक्षक दहापैकी गुण देतात, म्हणजे एकानं आठाऐवजी नऊ दिले असते तर काय झालं असतं याचा विचार करत बसावं.

पुण्यात राहून या सगळ्याकडे लांबून बघण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूनं ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बनवला, तो सुरू केला तेव्हा भारतातून असा गेम येईल असं बाहेर कुणाला वाटत नव्हतं. नट-कसरतपटूंच्या जगातली राजी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, राजस्थानी हवेल्यांचे आणि पहाडी चित्रांचे रंग. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले आणि ठरवलेली रक्कम जमली नाही. वाचकहो, पब्लिशरला बाजूला सारून थेट खेळणाऱ्यांकडे जा, असा सल्ला तेव्हा सगळे देत होते. ऑब्सिडियननंच २०१२ मध्ये ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’साठी त्या मार्गानं जवळजवळ चाळीस लाख डॉलर उभे केले होते. पण ऑब्सिडियनला ओळखणारे लाखो लोक होते, राजीला कोण ओळखत होतं? तिला सुपर डॉट कॉम हा पब्लिशर मिळाला, २०२०च्या ऑगस्टमध्ये ती निन्टेंडोच्या स्विचवर आली आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात तिचं नाव आलं. राजीचा ट्रेलर पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता. पब्लिशर नकोच म्हणणाऱ्यांना मी राजीचं उदाहरण देते.

आणि त्याच वर्षी, सप्टेंबरात, राजपुत्र पुण्यात आला.

युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा. तो आधी गेमलॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीचा होता. मुंबईचा २०१८ चा. वर्षानुवर्षं या स्टुडिओंनी दुसऱ्यांच्या गेमना हातभार लावला, ‘जस्ट डान्स’चं मोठं काम केलं, तपासणी केली, एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर नेला. २०२०च्या सप्टेंबरात जाहीर झालं की ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं बनवला जातोय आणि तो पुणे आणि मुंबई बनवताहेत. क्लासात फ्लॉपी लपवणाऱ्या पिढीतल्या कुणाच्या तरी धाकट्या भावंडांच्या हातात तो राजपुत्र. माझ्या ओळखीच्या लोकांचे फोन वाजत होते. मग ट्रेलर लोकांनी पाहिला आणि चेहरे, प्रकाश, पोत यांवर झोड उठली. टीकेत तथ्य होतं. काही दृश्यं खरंच जुनाट दिसत होती. पण बऱ्याच जणांनी टीका गेमवर न ठेवता देशावर नेली आणि ते वाचणं जड गेलं. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली. २०२२च्या मेमध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. आणि २०२६च्या जानेवारीत कंपनीनं खर्चकपातीत जे सहा गेम रद्द केले त्यांत तोही होता.

इथे डेव्हलपर आणि पब्लिशर एकच कंपनी आहेत, तेव्हा कराराचा प्रश्नच कुठे येतो, असं कुणी म्हणेल. मला तर वाटतं की इथेच तो सगळ्यात बोचतो. प्रसिद्ध झालेला वाईट गेमसुद्धा शेवटी नावांची पाटी दाखवतो. त्यात प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीचं नाव असतं, राजपुत्राच्या पायऱ्या चढण्याची हालचाल बसवणाऱ्या मुलाचं असतं. रद्द झालेल्या गेमला पाटी नसते. गोपनीयतेच्या अटीमुळे पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत काम उघडून दाखवताही येत नाही. ‘तीन वर्षं काय केलंत?’ याला उत्तर म्हणून एका बदनाम ट्रेलरकडे बोट दाखवायचं. पुण्यातल्या या कामातलं किती चांगलं होतं हे आपल्याला कधी दिसणार नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांनाही ते पुन्हा उघडता येणार नाही.

मेकनरला येतं. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना, ज्यांनी मूळ गेमचं संगीत दिलं होतं, घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला. त्यात ‘प्रिन्स’चा मूळ कोड होता. जुन्या डिस्कांतून ओळी वाचवणारी जाणकार मंडळी बोलावली, कोड निघाला, आणि मेकनरनं तो सगळ्यांना बघायला इंटरनेटवर ठेवून दिला. कुणाची परवानगी काढावी लागली नाही. मी तो उघडून पाहिलाय. ॲपल टूमधल्या ‘६५०२’ या प्रोसेसरची असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळची भाषा, मला धड वाचता येत नाही, पण राजपुत्राची काळी सावली त्याच्याविरुद्ध उभी राहते ती मेमरी संपत आल्यामुळे, तीच चित्रं किंचित सरकवून रंगवल्यामुळे, हे माहीत असल्यावर ती जागा शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ आनंदात गेली.

आपल्या कायद्यात याबद्दल काय आहे ते मी एका वकील मैत्रिणीकडून समजून घेतलं. १९५७चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेलं काम, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचं. तिथे फार काही करता येत नाही. पण बाहेरच्या पब्लिशरला हक्क लिहून देणाऱ्यांसाठी कलम १९ मध्ये चांगल्या गोष्टी आहेत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हक्क घेणाऱ्यानं एक वर्षात ते वापरलेच नाहीत तर ते हस्तांतर संपुष्टात आलं असं समजायचं. अर्थात ‘करारात वेगळं म्हटलं नसेल तर’ हे शेपूट तिथे आहेच, आणि प्रत्येक पब्लिशरचा वकील वेगळं म्हणतोच. शिवाय परदेशी पब्लिशरचा करार बहुधा न्यूयॉर्क किंवा लंडनच्या कायद्याखाली लिहिलेला असतो. २०१२ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्यांनी लिहून दिला तरी जात नाही अशी तरतूद झाली. त्यासाठी जावेद अख्तर यांच्यासारखी माणसं संसदेत आणि बाहेर भांडली होती. गेम बनवणाऱ्यांसाठी भांडणारं अजून कुणी नाही. कलम ५७ मात्र सगळ्यांसाठी आहे: हक्क विकले तरी ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. आमच्या बंद पडलेल्या स्टुडिओतल्या मुलांना मी ते कलम पाठवलं तेव्हा एकानं नुसता अंगठा पाठवला आणि एक जण रात्री फोन करून तासभर बोलला.

मध्यंतरी कोथरूडमधले तिघं जण करार घेऊन घरी आले. दोघं प्रोग्रामर आणि एक चित्रकार मुलगी, कोकणातल्या देवराईवरचा गेम, नमुना बघून मी हरखून गेले. चाळीस पानी पीडीएफ. ‘ताई, टक्केवारी ठीक आहे का एवढं सांगा,’ ते म्हणाले. मी आधी शेवटाकडची पानं काढली, करार संपण्याची. त्यात पब्लिशरनं काम थांबवलं तर हक्क कुणाकडे याबद्दल एक ओळ होती: पब्लिशरकडे, कायमचे. आम्ही चौघांनी बसून तिथे दुसरी ओळ लिहिली. पब्लिशरनं ठरल्या तारखेनंतर दीड वर्षात गेम बाजारात आणला नाही, किंवा सलग दोन टप्प्यांना उत्तर दिलं नाही, किंवा तो दिवाळखोरीत गेला, तर सगळं काम आणि सगळे हक्क स्टुडिओकडे परत. उचल नंतरच्या विक्रीतून फेडली जाईल. मुलगी म्हणाली, ‘हे मागितलं तर ते पळून जातील.’ मी म्हटलं, पाठव तर खरं.

टक्केवारी त्यांनी अर्ध्या टक्क्यानंही हलवली नाही. ही ओळ दीड वर्षाऐवजी दोन वर्षं करून तिसऱ्या दिवशी मान्य करून पाठवली.